एकही अट नको

४ जून

ती. मामा,

नमस्कार, इकडे सगळं ठीक, तिकडेही असेल. एवढं झालं की थेट मुद्द्यावर येते. फोन का नाही केलास म्हणशील, तर "फोनवर माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो" हे तुझंच वाक्य आहे. म्हणून विचार करून लिहितेय.

मी शिवणकामाच्या कारखान्यात लागले तेव्हा तू म्हणालास, कॉलेजची फी निघाली की बाहेर पड. मी पडले नाही, मला काढलं. माझ्याबरोबर आणखी दोघींना. आईला सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस.

झालं असं. आमच्या हॉलमध्ये बायकांच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली मुकादमाच्या टेबलावर, त्याच्या कोपराखाली. जिला जायचं असेल तिने मशीन सोडायचं, त्याच्यासमोर उभं राहायचं, किल्ली मागायची. तो घड्याळ बघणार, वहीत वेळ टाकणार आणि लहर आली तर सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारणार, "पुन्हा?" पुरुषांच्या संडासाला कुलूप नाही. एप्रिलमध्ये त्याने एकीला थांब म्हटलं. ती थांबता येईल तेवढं थांबली. पुढचं लिहीत नाही. तिचं नाव आम्ही कुठेच घेत नाही. त्या दिवसानंतर ती कामावर आली नाही.

त्याच आठवड्यात आम्ही गट केला. नाव 'किल्ली'. मागणी एकच: बाहेरचं कुलूप काढा, आतून कडी लावा. अर्ज दिला, तर आम्ही तिघी पुढारी आहोत असं समजून आम्हालाच घरी पाठवलं. खरं तर आमच्यात पुढारी कुणी नाही. मशीनच्या रांगेप्रमाणे पाळी फिरते. जिची पाळी ती त्या दिवशी बोलते.

आता आनंदाची बातमी. परदेशात एक निधी आहे, तो फक्त तरुण मुलींनी चालवलेल्या गटांना पैसे देतो, जगात कुठेही. आम्ही अर्ज केला. तिथे कुणी मोठे साहेब बसून निवड करत नाहीत. ज्या गटांनी अर्ज केले, त्यांनीच एकमेकींचे अर्ज वाचायचे आणि मतं द्यायची, स्वतःला सोडून. आणि मामा, आम्ही निवडून आलो!

पण पैसे नोंदणी झालेल्या संस्थेच्याच खात्यात येऊ शकतात. आमची कसली नोंदणी! तुझ्या वाचनालयाची आहे आणि तू चिटणीस आहेस. पैसे तुमच्या खात्यात येतील, तिथून आम्हाला द्यायचे. त्यातून एक खोली घेऊ, वकीलबाई लावू आणि काढलेल्या तिघींना वर्षभर पगार देऊ, म्हणजे आम्ही बाकीच्या कारखान्यांत फिरू शकू. जुलैअखेर संस्थेचं संमतिपत्र गेलं नाही तर पैसे दुसऱ्या गटाला जातील.

करशील ना?

तुझी,
मुंगी

१२ जून

चि. मुंगी,

आशीर्वाद, आणि त्यांच्यापाठोपाठ माझ्या शंका.

पहिली शंका. फुकट पैसे कोण देतं? माझी शाळा सातवीत सुटली. विजेच्या मोटारी दुरुस्त करायला मी याच वाचनालयातल्या पुस्तकांवरून शिकलो. त्या पुस्तकांचीसुद्धा मला वर्गणी भरावी लागली. कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरींना तुमच्या कारखान्यातल्या संडासाचं काय पडलंय?

दुसरी शंका तुला आवडणार नाही, तरी लिहितो. कामावर जाण्याआधी घरून जाऊन यायला काय होतं? माझ्या दुकानात मी सकाळी बसतो तो दुपारपर्यंत हलत नाही. एवढ्या कारणासाठी नोकरी घालवायची?

तरीपण तू माझी भाची आहेस आणि कामावरून काढलं आहे, म्हणजे हात वर करून बसता येणार नाही. मी मदत करीन. मात्र जिथे माझी सही, तिथे माझी जबाबदारी. त्यामुळे काही अटी. मी गटाचा मार्गदर्शक राहीन. प्रत्येक खर्च आधी मला कळवायचा आणि मी हो म्हटल्यावरच करायचा. खोली घेण्याआधी मी येऊन भिंतींची ओल आणि वायरिंग बघीन. मालकांशी बोलणी करायला जाणत्या माणसाने, म्हणजे मी, पुढे व्हायचं. आणि ती पाळीची पद्धत ताबडतोब बंद करा. उद्या मालकासमोर एखादी मुखदुर्बळ मुलगी उभी राहिली तर सगळ्यांचं हसं होईल. तू चांगली बोलतेस. तूच बोल.

आईला सांगितलेलं नाही. पण पुढच्या महिन्यात ती इथे येतेय, आणि तुझ्या मामीच्या पोटात काही राहत नाही, हे ध्यानात ठेव.

मामा

१९ जून

ती. मामा,

तुझं पत्र मी बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. गटाच्या कामाचं पत्र एकटीने वाचायचं नाही, असा आमचा नियम आहे. आधी कळवायला हवं होतं, चूक माझी. "वायरिंग" आलं तेव्हा हशा पिकला. "मुखदुर्बळ"ला कुणी हसलं नाही, कारण तिथे हळूबाई बसली होती. ती इतकं हळू बोलते की शेजारच्या मशीनलाही ऐकू जात नाही, म्हणून तिचं नाव हळूबाई.

अटी वाचून झाल्यावर आमची कात्री (हे नाव का पडलं ते सांगायला नको) म्हणाली, "म्हणजे खर्चाआधी मामांना विचारायचं, मामा घड्याळ बघणार, वहीत लिहिणार, मग हो म्हणणार. मुंगे, तुझ्या मामांना किल्ली हवीय गं."

मला राग आला. तू माझा मामा आहेस. मी भांडले, म्हटलं, तो भला माणूस आहे. कात्री म्हणाली, "भला असेल की! पण भल्या माणसाकडे तरी का मागायची?" यावर मला उत्तर सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.

मत घेतलं. एकही अट नको, असं ठरलं. त्या मतात माझाही हात वर होता, हे तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. निधीचंही तेच म्हणणं आहे: पैसे सांभाळणाऱ्या संस्थेने हिशेब चोख ठेवायचा, निर्णयात पडायचं नाही.

आता तुझ्या शंका. कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरींना काय पडलंय? त्यांची मतं आली तेव्हा काही गटांनी सोबत चार ओळीही लिहिल्या होत्या. एका गटाने लिहिलं होतं, "आमच्या शाळेत किल्ली मास्तरांकडे असते." त्यांची भाषा कुठली, आम्हाला माहीतही नाही.

आणि घरून जाऊन यायचं म्हणतोस, तर घरून सगळ्याच जातात. म्हणूनच कुणी सकाळपासून पाणी पीत नाही. माझ्या शेजारची मुलगी जेवणाच्या सुट्टीत नुसते ओठ ओले करते. तिला दोनदा मूतखडा झाला. पाळीच्या दिवसांत काय होतं ते तुला लिहिणार नाही, मामीला विचार. तू हलत नाहीस म्हणतोस दुपारपर्यंत. हलायचं ठरवलंस तर तुला कुणाला विचारावं लागतं?

रागावशील तर रागाव. पण बिनअटीचं होणार असेल तरच कर. आणि होणार नसेल तर लवकर कळव, म्हणजे दुसरीकडे बघू. दुसरीकडे कुणी नाही, हे तुला माहीत आहेच.

मुंगी

१४ जुलै

चि. मुंगी,

पत्राला उशीर झाला. रागावलो होतो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. चार पोरींनी बसून माझ्या पत्राची चिरफाड करावी! पत्र फाडायला घेतलं होतं. मामीने हातातून काढून घेतलं, वाचलं, आणि "बरोबर लिहिलंय पोरीने" एवढंच म्हणून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली.

मोटार भरताना तारेचे वेढे मी स्वतः मोजतो. दुसऱ्याच्या मोजणीवर मी मोटार फिरवत नाही. म्हणून हेही स्वतःच करून बघायचं ठरवलं. एका रविवारी दुकान बंद ठेवून दिवसभर वाचनालयात बसलो. तिथल्या संडासाला कुलूप घातलं आणि किल्ली शिपायाकडे दिली. त्याला सांगितलं, मी मागितली की घड्याळ बघायचं, वेळ लिहायची आणि मोठ्याने विचारायचं, "पुन्हा?" तो म्हणाला, "साहेब, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" पण एकदा समजल्यावर त्याने हौसेने केलं. इतकी वर्षं माझी बोलणी खाल्ली आहेत त्याने.

पहिल्यांदा गेलो तेव्हा गंमत वाटली. दुसऱ्यांदा तो "पुन्हा?" म्हणाला आणि वर्तमानपत्रं वाचणारी सगळी डोकी वर झाली. कान गरम झाले माझे. तिसऱ्यांदा मी उठलोच नाही. चहा आला तो परत पाठवला. आणि संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना आपल्या रस्त्याला खड्डे नक्की कुठे कुठे आहेत ते मला कळलं.

मामीला म्हटलं, फार वाईट आहे हे. ती म्हणाली, "एक दिवस केलंत तर चेहरा बघा! आणि तो शिपाई तुमचा, किल्ली तुमची, नाटकही तुमचंच." मग तिने मला बसवून बरंच सांगितलं. लग्नघरं, प्रवास, दवाखान्यातल्या रांगा. इतक्या वर्षांच्या संसारात हे मी कधी ऐकलं नव्हतं.

तुमच्या कात्रीला सांग, उत्तर मलाही सुचलेलं नाही. अटी मागे घेतो, सगळ्या. वायरिंगचीही. (पण मीटरजवळ ओल असेल तर हात लावू नका, ही अट नाही, अक्कल आहे.)

काल कार्यकारिणीपुढे विषय ठेवला. आपले अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "संडासाच्या भानगडीत वाचनालयाचं नाव?" मग म्हणाले, पैसे येणारच असतील तर पोरींच्या हातात मोकळे सोडता येणार नाहीत, कार्यकारिणीतल्या पाच ज्येष्ठांची सल्लागार समिती नेमू, तिच्या मंजुरीने खर्च होईल. मी म्हटलं, ही तर माझीच अट आहे, फक्त पाचपट. मत घेतलं. माझ्या बाजूला मी एकटा होतो.

महिना निम्मा सरलाय हे माहीत आहे. धीर धर.

मामा

२० जुलै

ती. मामा,

तुझं पत्र वाचताना हळूबाई हसून हसून रडली. कात्री म्हणाली, मामांचा अर्ज आला तर गटात घेऊ.

पण इकडे हाल आहेत. मॅनेजरने आम्हा तिघींना बोलावलं होतं. गट मोडल्याचं लिहून द्या, उद्यापासून कामावर या, म्हणाला. आमच्यातल्या तिसरीच्या घरी वडील आजारी आहेत, तिच्याच पगारावर घर चालतं. ती म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत थांबते. त्यापुढे मला धरून ठेवू नका." तिला कुणी दोष देत नाही. ती गेली तर आणखी चौघी जातील आणि गट संपेल. आम्हाला सगळ्यांना ते कळतंय.

आईलाही कळलं. मामीच्या पोटात राहिलं नाही वाटतं. आई चिडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मग होतंय का तुमचं काम?" मी म्हटलं, मामा बघतोय.

सल्लागार समिती नको. तसं होणार असेल तर पैसे दुसऱ्या गटाला जाऊ देत.

मुंगी

३० जुलै

चि. मुंगी,

संमतिपत्र काल निधीच्या पत्त्यावर गेलं. त्यात एकही अट नाही. आधी हे वाच, तिघींना सांग, आणि मग पुढचं वाच.

कार्यकारिणीत हरलो त्या दिवशी घरी येऊन वाचनालयाची नियमावली काढली. ती मी तोंडपाठ केली आहे असं लोक चेष्टेने म्हणतात; खरं आहे ते. कार्यकारिणीच्या निर्णयावर सर्वसाधारण सभा बोलावता येते. मात्र सभेची सूचना प्रत्येक सभासदाच्या हातात पडली पाहिजे. आजवर आम्ही ती फलकावर लावत आलो, आणि सभेला तेच ते वर्तमानपत्रवाले येतात. या वेळी मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

सभासदांची नावं उतरवून घेतली तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त बायका आहेत. लहान मुलांच्या पुस्तकांची कार्डं आयांच्या नावावर निघतात ना! अध्यक्ष म्हणाले, "त्यांची नावं कार्डापुरती आहेत हो." मी म्हटलं, कार्डापुरता सभासद असा प्रकार नियमावलीत कुठे आहे ते दाखवा. मग मी आणि मामी घरोघर गेलो. मी दारात उभा राहून नियम वाचून दाखवायचो. तिसऱ्या घरानंतर मामी म्हणाली, "तुम्ही फक्त सायकल धरा, बोलते मी."

सभेच्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. शिपायाने गोदामातून बाकं काढली. अध्यक्षांनी प्रतिष्ठा, परंपरा, तरुण वय आणि परकीय पैसा यांवर बरंच सुंदर भाषण केलं. मग मागून एक नर्सबाई उठल्या, ड्युटीवरून थेट आल्या होत्या. म्हणाल्या, "एकच विचारते. संडासाला जायला आयुष्यात ज्यांना कधी कुणाची परवानगी मागावी लागली नाही, त्यांनी हात वर करा." बापे लोकांनी पटापट हात वर केले. मीही करणार होतो. मग शिपायाकडे बघितलं आणि हात खिशात घातला. बायकांच्या बाजूला एकही हात नव्हता. नर्सबाई म्हणाल्या, "सल्लागार समितीवर कोण कोण बसणार ते दिसलं. आता घ्या मत."

पुढचं मत असं झालं की अध्यक्षांनी मोजणं सोडून दिलं. मी मोजलं. दोनदा मोजलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

तिसरीला सांग, काही लिहून देऊ नकोस.

मामा

२६ नोव्हेंबर

ती. मामा,

किल्ली गेली!

नीट सांगते, नाहीतर तू परत पत्र पाठवून विचारशील.

पैसे आले, खोली घेतली, बसथांब्याच्या मागे, एका छत्री दुरुस्तीवाल्याच्या वर. आम्ही तिघी रोज एका कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहायचो, सुट्टी झाली की बायकांबरोबर चालत घरापर्यंत जायचो. प्रत्येक हॉलची तीच गोष्ट. कुठे किल्ली, कुठे चिठ्ठी, एका ठिकाणी तर गळ्यात घालायची लाल पाटी. संध्याकाळी सगळ्या खोलीवर यायच्या. वकीलबाई म्हणाल्या, काम बंद पाडलंत तर काढून टाकतील; पण किल्ली मागितली म्हणून कुणालाही काढता येत नाही.

कात्रीने तेच उचललं. म्हणाली, "मग मागू या की. सगळ्या. एकदम."

ठरलेल्या दिवशी दहाच्या भोंग्याला प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक हॉलमधली पहिली रांग उठली आणि किल्ली मागायला गेली. मागोमाग दुसरी. मागोमाग तिसरी. मी फाटकाबाहेर उभी होते, पण आतली मशीनं एकेक थांबताना ऐकू येत होती. आमच्या मुकादमाने काय करावं? नियम त्याचाच होता. प्रत्येकीची वेळ वहीत टाकायची! तो टाकत बसला. "पुन्हा?" म्हणायला फुरसत नाही. जेवणाची सुट्टी झाली तरी रांग संपेना, आणि ज्या जाऊन आल्या त्या पुन्हा शेवटी उभ्या. संध्याकाळपर्यंत कुठल्याही हॉलमधून एक सदरा बाहेर पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं.

आणि मामा, पाळी कुणाची होती सांग. हळूबाईची.

खरं सांगू, तुझं वाक्य माझ्या डोक्यात आलं. मी बैठकीत म्हटलंही, आजच्यापुरती पाळी बदलू या का? हळूबाईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू बोललीस तर ते पुन्हा तुलाच पुढारी समजतील. मला काढलं तर पुढची उठेल. म्हणून तर पाळी आहे ना?"

आत गेलो तर मॅनेजरने आधी विचारलं, तुमची पुढारी कोण? आम्ही म्हटलं, आज ही. तो हसला. हळूबाई बोलायला लागली. मोठे मालक म्हणाले, "काय? पंखा बंद करा जरा." पंखा बंद केला. "अजून ऐकू येत नाही, खिडकी लावा." खिडकी लावली. शेवटी ते सगळे टेबलावर पुढे वाकून, कानामागे हात धरून बसले, आणि मध्ये बोलायची कुणाची टाप नाही, कारण एक शब्द हुकला तर सगळंच हुकणार! तिने त्या एप्रिलच्या दिवसाचं सगळं सांगितलं, नाव न घेता. मोठ्या मालकांनी मॅनेजरला विचारलं, "हे खरंय?" मॅनेजर खाली बघायला लागला.

बाहेरची कुलुपं निघाली, सगळ्या कारखान्यांतल्या सगळ्या हॉलची. आतून कड्या लागल्या. आम्ही तिघी परत कामावर. एप्रिलमध्ये गेलेली ती मुलगी सोमवारपासून येतेय. आणि गंमत ऐक, आमच्या हॉलमधलं पाण्याचं पिंप दुपारच्या आतच रिकामं झालं. कधी नव्हे ते. मुकादम झाकण उघडून आत बघत उभा होता, गळतंय की काय म्हणून.

निधीच्या पुढच्या फेरीत आता आम्हीही बाकीच्या गटांचे अर्ज वाचून मतं देणार आहोत. गेले चार दिवस भांडतोय. सगळ्यांनाच द्यावंसं वाटतं.

मुंगी

८ जून

चि. मुंगी,

तुझं नोव्हेंबरचं पत्र मी वाचनालयात मोठ्याने वाचून दाखवलं. गटाच्या कामाचं पत्र एकट्याने वाचायचं नाही, असा तुमचा नियम आहे. नर्सबाई आता कार्यकारिणीवर आहेत. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. शिपायाला पंख्याची गोष्ट पाठ झाली आहे, येईल त्याला सांगतो आणि दर वेळी एक खिडकी वाढवतो.

हिशेबाचं वर्ष पुरं झालं म्हणून निधीकडून आमच्या संस्थेला कागद आला. हिशेब तपासून जोडला. शेवटी एक प्रश्न होता: या वर्षात गटाने घेतलेल्या निर्णयांमध्ये आपल्या संस्थेचा सहभाग काय होता?

मी बसून पानभर लिहिलं. नियमावली, सर्वसाधारण सभा, सायकल, सगळं. भाषा चांगली जमली होती. मामीने वाचलं आणि विचारलं, "छान आहे. पण त्यांनी हे विचारलंय का?"

प्रश्न पुन्हा वाचला. माझं पान फाडलं. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीसमोर त्या जागेत लिहिलं: "काहीही नाही."

अध्यक्ष अस्वस्थ झाले. म्हणाले, "अहो चिटणीस, निदान मोलाचं मार्गदर्शन तरी लिहा. संस्थेची काही शान आहे की नाही?"

"आहे ना," मी म्हटलं, आणि त्या दोन शब्दांखाली सही केली, पूर्ण नावाने, आणि शिक्का असा दाबला की खालच्या कोऱ्या कागदावरसुद्धा उमटला.

मामा